मोडशी आणि मोर्देशीं : गोव्यांत नव्यानें आलेले फिरंगी व त्यांचे पोटाचे विकार

१. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस वैद्यकाचीं बाडें नवीं नाहींत. एखाद्या घरचें दप्तर उघडावें, आणि रुमालांतून सनद, महजर किंवा वंशावळ निघावी, म्हणजे आपणांस आनंद होतो. परंतु त्याच रुमालांत सुंठ, जिरें व सैंधव यांची चिठी निघाली, तर ती बहुधा बाजूस पडते. तीवर तारीख नाहीं, नांव नाहीं, राजकारण नाहीं; तेव्हां तिचा उपयोग काय, असें वाटतें. मीही पुष्कळ वर्षें असेंच समजत होतों. अशा चिठ्यांच्या जगांतला ‘मोडशी’ हा एक घरगुती शब्द चारशें वर्षांपूर्वीं पोर्तुगीज, डच, फ्रेंच व इंग्रज ग्रंथांत शिरला, तेथें त्याचें रूप पालटलें, आणि शेवटीं त्याचा अर्थ ‘कुत्र्याचें मरण’ असा लावला गेला, हें जेव्हां ध्यानांत आलें, तेव्हां माझें मत बदललें. प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली, हा शब्द मूळचा कोणाचा. आणि दुसरी, परदेशांतून आलेल्या मनुष्याचें पोट येथील अन्नपाण्यानें बिघडलें असतां त्यास उपचार कोणी शिकविले.

२. इ. स. १५१० त आफोंसो द आल्बुकेर्क यानें गोवें घेतलें. तेव्हांपासून दर वर्षीं लिस्बनहून गलबतांचा तांडा येऊं लागला. हा तांडा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघे व सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यास पोंचे. सहा महिने वाळलेलें बिस्किट, खारवलेलें मांस व मासळी आणि पिंपांतलें नासकें पाणी यांवर काढलेला मनुष्य किनाऱ्यास लागला, म्हणजे तो धडधाकट असणें कठीणच. अशा नव्या मनुष्यास तेथील जुने फिरंगी ‘रेइनोल’, म्हणजे ‘राज्यांतून आलेला’, असें म्हणत. या शब्दांत थोडी थट्टा होती. रेइनोलास येथलें खाणें कळत नाहीं, ऊन कळत नाहीं व पाऊसही कळत नाहीं, असा तिचा आशय.

या लोकांकरितां गोव्यांत राजाचें मोठें इस्पितळ होतें. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी इ. स. १६०८ त आजारी अवस्थेंत तेथें दाखल झाला होता. स्वच्छ बिछाने, रुप्याचीं भांडीं, कोंबडीचें सूप व जेझुइटांची शिस्तशीर व्यवस्था यांची त्यानें मनापासून स्तुति केली आहे. असें असूनही यान हुइगेन व्हान लिन्स्खोतेन हा डच गृहस्थ, जो इ. स. १५८३ त गोव्यास येऊन पांच वर्षांहून अधिक काळ तेथें राहिला, तो लिहितो कीं, या इस्पितळांत दर वर्षीं निदान पांचशें मनुष्यें जिवंत जातात व परत बाहेर येत नाहींत. पुढें सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत येथें पंचवीस हजार फिरंगी शिपाई मेले, असा आंकडा इतिहासकार देतात. आंकड्यांत अतिशयोक्ति धरली तरी एक प्रश्न उरतोच. बिछाना स्वच्छ, अन्न चांगलें, सेवा उत्तम. मग मरण इतकें कां? या प्रश्नाकडे आठव्या कलमांत येऊं.

३. मोडशीचा सर्वांत जुना सविस्तर फिरंगी उल्लेख गास्पार कोर्रेआ याच्या बखरवजा ग्रंथांत आहे. शके १४६५ म्हणजे इ. स. १५४३ च्या ‘हिवाळ्यांत’ गोव्यावर ‘मोर्शी’ नांवाची प्राणघातक सांथ आली, असें तो सांगतो. येथें वाचकांनीं एक सावधगिरी ठेवावी. पोर्तुगीज लोक येथील पावसाळ्यास ‘इन्व्हेर्नो’, म्हणजे हिवाळा, म्हणत. कारण त्या दिवसांत बंदर बंद होई व व्यवहार थांबे. म्हणून शब्दशः भाषांतर करणारा पौष-माघांतली सांथ समजेल. ती वस्तुतः आषाढ-श्रावणांतली आहे.

तान्ह्या मुलापासून ऐंशीं वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणी सुटलें नाहीं, शंभरांत दहाही वांचले नाहींत, आणि प्रेतें इतकीं होऊं लागलीं कीं, लोकांनीं धीर सोडूं नये म्हणून मृत्यूची घंटा वाजवूं नये असा हुकूम झाला, असें कोर्रेआ लिहितो. त्या वेळचा गव्हर्नर मार्तीं आफोंसो द सोझा यानें रोगाचें कारण कळावें म्हणून एका मृताचें शरीर चिरवून पाहविलें. आंत काय दिसलें? जठर आक्रसून अगदीं लहान झालेलें व विस्तवावर धरलेल्या चामड्यासारखें सुरकुतलेलें. शरीरांतलें पाणी निघून गेल्याचें याहून स्पष्ट वर्णन सोळाव्या शतकांत दुसरें सांपडणें कठीण. पाहणाऱ्यांस अर्थ कळला नाहीं. परंतु त्यांनीं पाहिलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें, हे त्यांचे उपकार होत.

४. यानंतर वीस वर्षांनीं, इ. स. १५६३ त, गोव्यासच एक ग्रंथ छापून निघाला. त्याचा कर्ता गार्सिया द ऑर्ता हा सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत शिकलेला वैद्य. तो इ. स. १५३४ त याच सोझाबरोबर हिंदुस्थानांत आला, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरींही त्यानें चिकित्सा केली होती. त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. एका बाजूस ऑर्ता स्वतः, आणि दुसऱ्या बाजूस रुआनो नांवाचा नुकताच पोर्तुगालहून आलेला कल्पित वैद्य. म्हणजे पुस्तकाची रचनाच नवागतानें विचारावें व मुरलेल्यानें सांगावें अशी आहे.

सतराव्या संवादांत कोष्ठ औषधीची चर्चा चालू असतां एक चाकर धांवत येतो : धन्याच्या भावास मोर्शी झाली आहे, दोन घटका झाल्या, वैद्यानें लागलीच यावें. ऑर्ता उठतो, आणि रुआनो त्यास विचारूं लागतो कीं, ज्यानें मनुष्य इतक्या लौकर मरतो तो हाच रोग काय? ऑर्ता सांगतो कीं, युरोपांतील वैद्य यास ‘कॉलेरिका पास्सिओ’ म्हणतात, या देशचे लोक ‘मोर्शी’ म्हणतात, आणि आमचे लोक तोच शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतात. युरोपापेक्षां येथें हा रोग उग्र आहे. जून-जुलैंत त्याचा जोर अधिक असतो. आणि फार खाणारांस तो विशेषेंकरून गांठतो. नाडी बुडते, घाम थंड येतो, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, ही त्याची लक्षणमाला कोणीही जाणता वैद्य आज वाचील तर त्यास ओळख पटेल.

ऑर्ता जून-जुलै सांगतो, आणि तांडा तर सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतो. म्हणजे रेइनोलाची खरी परीक्षा उतरल्याबरोबर नव्हे, तर आठ-नऊ महिन्यांनीं, त्याच्या पहिल्या पावसाळ्यांत होई. मुंबईच्या इंग्रजांतही पुढें अशीच एक म्हण रूढ झाली होती. इ. स. १६८९ च्या सुमारास तेथें आलेला पाद्री ओव्हिंग्टन ती नमूद करतो. तिचें तात्पर्य इतकेंच कीं, नव्या मनुष्याचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें.

५. आतां शब्दाकडे वळूं. यूल व बर्नेल यांनीं इ. स. १८८६ त प्रसिद्ध केलेल्या आंग्ल-भारतीय शब्दांच्या कोशांत ‘मोर द शियां’ या शब्दाखालीं पुष्कळ उतारे दिले असून मूळ कोंकणी-मराठी ‘मोडशी’ हेंच मानलें आहे. गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनींही आपल्या कोशांत हाच निर्णय दिला. मोल्सवर्थानें मोडशीचे दोन अर्थ दिले आहेत : एक अपचनाचा तीव्र प्रकार, व दुसरा प्रत्यक्ष कॉलरा. यांस पुष्टि म्हणून मला पुढील मुद्दे मांडावेसे वाटतात.

मूळ धातु मोडणें, प्राकृत मोडइ. ताप येण्यापूर्वीं अंग मोडून येतें असें आपण म्हणतों, तोच हा अर्थ : शरीराचा बांधा ढासळणें. आतां मोडशींतील मूर्धन्य ‘ड’ पोर्तुगीज जिभेस नाहीं. तो उच्चारतांना कधीं नुसता ‘र’ होईल, कधीं ‘र्द’ होईल. पहिल्यानें मोर्शी झाली, दुसऱ्यानें मोर्देशी. ऑर्ता मोर्शीस मूळ व मोर्देशीस अपभ्रंश समजतो. परंतु माझ्या मतें उलट आहे. मोर्देशींत ‘ड’ची छाया अधिक उरली असल्यामुळें तेंच रूप मुळास जवळचें होय. गुजराथींत मोर्चीसारखें रूप असल्याचें यूल-बर्नेल सांगतात, त्यावरून ऑर्ताचें मोर्शी त्या बाजूनें आलें असा पक्ष कोणी घेईल. तो अशक्य नाहीं. तथापि कोर्रेआचें मोर्शी गोव्यांतल्याच सांथीसंबंधानें आलें आहे, हें त्या पक्षानें लक्षांत ठेवावें.

शेवटचें अनुनासिक, म्हणजे ‘मोर्देशीं’तला अनुस्वार, कोठून आला? पोर्तुगीजांची ती संवयच होती. आपल्या ईकारान्त शब्दांस ते शेवटीं अनुनासिक लावीत. मांडवीचें ‘मांदोवीं’ झालें व पालखीच्या कुळांतल्या शब्दाचें ‘पालांकीं’. मोर्देशीं हें याच पंक्तींतलें. पुढें फ्रेंचांनीं हा शब्द ऐकला व त्यांस त्यांत स्वतःच्या भाषेंतील ‘मोर द शियां’, म्हणजे कुत्र्याचें मरण, असा अर्थ दिसला. रोग भयंकर, मरण तडफडून. म्हणून अर्थ जुळल्यासारखा वाटला. अठराव्या शतकांत हें रूप मद्रासकडील इंग्रज डॉक्टरांच्या लेखांतही शिरलें. अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ति खरी ठरत नाहीं, याचें हें नमुनेदार उदाहरण आहे. आपणही स्थलनामांच्या व्युत्पत्ति लावितांना हीच चूक नेहमीं करतों.

६. उपचारांपैकीं ज्यानें परदेशीय प्रवाशांस सर्वांत अधिक आश्चर्य वाटलें, तो म्हणजे टांचेस डाग देणें. ऑर्ता स्वतः रोग्याचे पाय डागवितो. फ्रेंच वैद्य दॅलाँ याच्या वर्णनांत तापलेली सळई टांचेच्या कठीण भागास लावण्याची रीत आहे. इ. स. १६७३ च्या सुमारास मुंबईस आलेला डॉक्टर फ्रायर मोर्देशींत लोक निर्दयपणें डाग देतात असें म्हणतो. आणि ओव्हिंग्टनही टांचेच्या डागानें बरे झालेले सांगतो.

सर्वजण ही देशी लोकांची एक विलक्षण रूढि समजतात. परंतु ही नुसती रूढि नव्हे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील छपन्नावा अध्याय विसूचिकेच्या प्रतिकाराचा आहे. त्यांत साध्य विसूचिकेंत दोन्ही पार्ष्णींचें, म्हणजे टांचांचें, दहन प्रशस्त म्हणून स्पष्ट सांगितलें आहे. त्याच्या जोडीस शेक व तीक्ष्ण वमनही आहे. त्याच अध्यायांत असाध्य रोग्याचीं लक्षणें दिलीं आहेत, तीं अशीं : दांत, ओंठ व नखें काळवंडणें, डोळे खोल जाणें, स्वर क्षीण होणें, सांधे ढिले पडणें. हीं लक्षणें ऑर्ताच्या वर्णनाशेजारीं ठेवून पाहावीं. गोव्यांतला वैद्य फिरंगी उमरावाच्या टांचेस सळई लावीत होता, तेव्हां त्याच्या मागें निदान हजार वर्षांची लेखी परंपरा उभी होती. डागानें रोग बरा होतो असें आज कोणी म्हणणार नाहीं, आणि मीही म्हणत नाहीं. माझा मुद्दा परंपरेच्या सातत्याचा आहे, गुणाचा नाहीं.

७. गुणाचा प्रश्न दुसऱ्या उपचाराच्या बाबतींत निघतो. ऑर्ता लिहितो कीं, येथील लोक रोग्यास मिरें व जिरें घातलेलें तांदुळाचें पाणी पाजतात. त्यास तो ‘कांजे’ म्हणतो. हातपायांस गोळे येऊं लागले तर ते घट्ट बांधतात, आणि विडा खावयास देतात. हें कांजे म्हणजे आपली पेज. शब्द मात्र दक्षिणेकडील कांजी या रूपावरून गेला. संस्कृत काञ्जिक हें आंबवलेलें असतें; तें निराळें, त्याचा घोटाळा करूं नये.

नव्यानें आलेल्या मनुष्यानें प्रथम या पदार्थाकडे तुच्छतेनें पाहिलें असावें. कारण त्याच्या देशीं आजाऱ्यास मांसाचा रस देत. परंतु काळानें निवाडा केला. पोर्तुगालांत व ब्राझीलांत आजही आजारी मनुष्यास तांदूळ घातलेलें कोंबडीचें सूप देतात व त्यास ‘कांजा’ म्हणतात. कोंबडी त्यांची, तांदुळाचें पाणी व नांव या देशचें. किल्ले पडले, राज्य इ. स. १९६१ त संपलें, आणि पेजेचा शब्द त्यांच्या स्वयंपाकघरांत राहिला.

माझा स्वतःचा एक लहान अनुभव येथें सांगतों. चाळीस वर्षांपूर्वीं मी कोंकणांतून घाटावर शिक्षक म्हणून गेलों. पहिल्याच पावसाळ्यांत पोट जें बिघडलें, तें पंधरा दिवस थाऱ्यावर येईना. शेजारच्या वृद्ध बाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्हांला पाणी बाधलं. ही मोडशी आहे. चार दिवस नुसती कण्हेरी घ्या.” मी शिकलेला, मीं हंसून सोडून दिलें व खाणावळींतलें जेवण चालू ठेविलें. शेवटीं अंगांत उठण्याची शक्ति राहिली नाहीं, तेव्हां त्यांनींच वाटी आणून दिली. ती माझ्या घरचीच पेज होती. फक्त नांव निराळें होतें. देश म्हणजे परकीयच असला पाहिजे असें नाहीं. एक घाट चढला तरी पोटास तो परदेश वाटतो.

८. याची मीमांसा जुन्या वैद्यांनीं सात्म्य या कल्पनेनें केली. ज्या देशाचें व ज्या अन्नाचें शरीरास नित्य सेवनानें वळण पडलें, तें त्यास मानवतें. तें वळण एकदम मोडलें कीं विकार होतो. म्हणून चरक सूत्रस्थानांत सांगतो कीं, जुनी संवय सोडून नवी लावावयाची ती चतुर्थांशानें, मध्यें दिवस टाकीत टाकीत लावावी. सहा महिने बिस्किटावर राहिलेला रेइनोल गोव्याच्या बाजारांत उतरून फळें, मासळी व मद्य यांवर एकदम तुटून पडे. ओव्हिंग्टनही मांस व मासे एकत्र व अति खाणें हें मोर्देशींचें कारण मानतो. या बाबतींत देशी व विदेशी दोघांचें मत एकच होतें.

परंतु केवळ खाण्यावर दोष ठेवणें अपुरें होतें, हें आज कळलें आहे. कॉख यानें इ. स. १८८४ त कलकत्त्यास कॉलऱ्याच्या जंतूंचा अभ्यास केला, आणि पाण्यावाटें हा रोग पसरतो हें पुढें सर्वमान्य झालें. साध्या प्रवासी अतिसाराचें प्रमुख कारणही पाण्यांतून व अन्नांतून जाणारे जंतूच होत. लहानपणापासून त्यांशीं गांठ पडलेल्या स्थानिक मनुष्यांत कांहीं प्रतिकार उत्पन्न झालेला असतो. नवागताच्या ठायीं तो नसतो. ‘पाणी बाधलें’ हा आपला वाक्प्रचार म्हणूनच किती अचूक आहे तें पाहावें. ‘अन्न बाधलें’ असेंही आपण म्हणतों. पण नव्या गांवीं गेलेल्या मनुष्याविषयीं पहिला संशय पाण्याचाच घेतों.

आतां दुसऱ्या कलमांतील प्रश्नाचें उत्तर देतां येईल. गोव्यांतले श्रीमंत लोक बायंगिणीच्या झऱ्याचें पाणी आणवीत; गुलाम तें घागरींतून विकीत, असें पिरार सांगतो. शहरांतील विहिरींचें पाणी इतर कामास लागे. दाट वस्ती, सच्छिद्र भूमि, आणि मुसळधार पाऊस. तेव्हां पावसाळ्यांत विहिरींत काय उतरत असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. इस्पितळाच्या रुप्याच्या भांड्यांत वाढलेलें अन्न स्वच्छ असलें, तरी पाणी स्वच्छ असेलच असें नाहीं, असा माझा तर्क आहे. शेवटीं त्या शहरासच लोकांनीं सोडलें. व्हाइसरॉयनें इ. स. १७५९ त आपला मुक्काम पणजीस हलविला, आणि एके काळीं लिस्बनशीं तुलना होणाऱ्या नगरांत प्रार्थनामंदिरें तेवढीं उरलीं.

पेजेचें महत्त्वही याच दृष्टीनें पाहावें. कॉलऱ्यानें मनुष्य मरतो तो मुख्यतः शरीरांतील पाणी व क्षार गेल्यानें. इ. स. १९७१ त बांगला देशाच्या युद्धांत बनगांवच्या छावणीवर डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तिसाच्या आसपास होतें तें चारांच्या आंत आणलें. साखरेऐवजीं तांदुळाचें पीठ शिजवून केलेलें असें पाणी कॉलऱ्यांत उपयोगी पडतें, हेंही पुढें सिद्ध झालें. मीठ घातलेली पेज म्हणजे तेंच औषध, असें म्हणणें साहसाचें होईल, कारण प्रमाण मोजलेलें नव्हतें. परंतु ती त्याच वाटेवरची होती, इतकें निःशंक म्हणतां येतें. रोग्यास पाणी तोडावें असें ज्या काळीं अनेक देशांतले पंडित सांगत, त्या काळीं आपल्या घरांतली म्हातारी त्यास वाटीवाटीनें पेज पाजीत होती.

९. या देवघेवीची दुसरी बाजूही इतिहासानें नोंदवावी. लिन्स्खोतेन लिहितो कीं, गोव्यांत देशी वैद्य केवळ आपल्या लोकांस नव्हे, तर व्हाइसरॉय, आर्चबिशप व पाद्री यांसही औषध देत, आणि त्यांवर त्यांचा स्वतःच्या वैद्यांहून अधिक विश्वास असे. त्यांस छत्री धरून हिंडण्याचा मानही होता. त्याच गोव्यांत इ. स. १५६७ च्या धर्मपरिषदेनें ख्रिस्त्यांनीं परधर्मीय वैद्याकडून उपचार घेऊं नयेत असा ठराव केला. ठराव कागदावर राहिला व नाडी वैद्याच्या हातीं राहिली. खुद्द ऑर्ता हा ज्यू कुळांतला. तो इ. स. १५६८ त मेला, आणि इ. स. १५८० त इन्क्विझिशननें त्याचीं हाडें उकरून जाळलीं. ज्यानें मोडशी हा शब्द युरोपास नीट समजावून सांगितला, त्याची ही संभावना झाली.

१०. सारांश असा. मोर्देशीं हा शब्द मराठी-कोंकणी मोडशीवरून निघाला. त्याचा कुत्र्याशीं कांहीं संबंध नाहीं. मोडशी शब्दांत आरंभापासून दोन अर्थ होते, एक सौम्य व एक उग्र. एकोणिसाव्या शतकांत उग्र अर्थ पटकी, महामारी व कॉलरा या शब्दांकडे गेला आणि मोडशीकडे घरगुती पोटदुखी उरली, असा माझा तर्क आहे. तो खरा कीं खोटा, हें ठरविण्याचें साधन छापील ग्रंथांत नाहीं. तें आपल्या रुमालांत आहे. यासाठीं संग्राहकांस माझी विनंति आहे कीं, वैद्यकाचीं सुटीं पानें व चिठ्या टाकूं नयेत. त्यांत मोडशी, विसूचिका, वाखा, जरीमरी, पटकी यांपैकीं कोणताही शब्द आढळल्यास पान कोणत्या गांवचें, कागद व वळण कोणत्या काळचें, आणि उपचार काय सांगितला आहे, इतकें टिपून ठेवावें. सनदेवरून राजा कोण होता तें कळतें. या चिठ्यांवरून प्रजा जगली कशी तें कळेल. जाणत्यांनीं माझ्या चुका दाखवून या विषयावर अधिक प्रकाश पाडावा.